बापाचा शब्द आणि बहिणीचा वाटा

वाचकाचं पत्र

मी ४७ वर्षांचा, शिक्षक आहे. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. ती सगळ्यांत धाकटी. आई लवकर गेली. वडिलांची साडेचार एकर बागायत आहे. सहा वर्षांपूर्वी वडील वारले. शेवटच्या आजारपणात त्यांनी आम्हा दोघा भावांना जवळ बोलावून शब्द घेतला, की जमिनीचा तुकडा घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, बहिणीकडून हक्कसोड करून घ्यायची. तेव्हा तिचं बरं चाललं होतं, म्हणून मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्यावर लागलं आणि हक्कसोड राहूनच गेली. गेल्या वर्षी मेव्हणे वारले. पदरात दोन मुलं आहेत. मध्यंतरी तिने एकदाच विचारलं, "माझं नाव राहू द्याल का रे?" दादा म्हणतात, बापाचा शब्द पाळणं हाच मुलाचा धर्म. रामाने राज्य सोडलं, आपल्याला एक सही घेता येत नाही? शिवाय लेकीचा धर्म सासरी, असंही ते म्हणतात. कागद तयार आहे, पुढच्या महिन्यात दुय्यम निबंधकांकडे जायचं आहे. बहिणीने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाबा खरंच असं म्हणाले होते?" मी "हो" म्हणालो. ती "बरं" म्हणाली आणि तारीख विचारली. तेव्हापासून झोप उडाली आहे. मी रोज ज्ञानेश्वरी वाचतो, पण या बाबतीत धर्म कोणत्या बाजूला आहे, ते काही केल्या कळत नाही.

— एक वाचक

उत्तर

दादांनी रामाचं उदाहरण दिलं आहे. तिथूनच सुरुवात करू, कारण घोळ तिथेच आहे.

दशरथाने कैकेयीला दिलेल्या शब्दाने दोन गोष्टी ठरल्या. रामाला १४ वर्षं वनवास आणि भरताला राज्य. राम वनात गेला, म्हणजे वडिलांच्या शब्दाची किंमत त्याने स्वतः मोजली. पण त्याच शब्दामुळे ज्याचा फायदा झाला, त्याचं काय? भरत आजोळी होता. त्याने काहीच मागितलं नव्हतं. परत आला तर वडील गेलेले, सिंहासन रिकामं, आणि मंत्र्यांपासून वसिष्ठांपर्यंत सगळे सांगताहेत की आता राज्य तुझं, बस. वडिलांचा शब्द होता, आईची इच्छा होती, कुलगुरूंची संमती होती. आजच्या भाषेत सगळी कागदपत्रं स्वच्छ. तरी भरत बसला नाही. उलट रामाला परत आणायला वनात गेला. राम येईना, तेव्हा त्याच्या पादुका आणून सिंहासनावर ठेवल्या, आणि स्वतः अयोध्येबाहेर नंदिग्रामात राहून १४ वर्षं दुसऱ्याच्या वतीने कारभार पाहिला. भरताने बापाचा शब्द मोडला असं आजवर कोणी म्हटल्याचं ऐकिवात नाही.

वडिलांच्या शब्दाने साडेचार एकर तुमच्या आणि दादांच्या पदरात पडताहेत. म्हणजे या गोष्टीत तुम्ही दोघं भरताच्या जागी आहात. रामाच्या जागी कोणाला बसवायचंच असेल, तर "बरं" म्हणून तारीख विचारणाऱ्या बहिणीला बसवा. फरक एवढाच, की रामाने ते आपणहून स्वीकारलं. तिला कोणी विचारलेलंच नाही.

दादांना हे सांगाल तेव्हा ते म्हणतील, पुराणातली वांगी पुराणात. म्हणू द्या. राम त्यांनीच काढला होता.

आता शब्दाबद्दल. दिलेला शब्द पाळावा, यात दुमत नाही. पण शब्द आणि धर्म यांची टक्कर झाली तर काय, हा प्रश्न महाभारताने अगदी ऐन धुमाळीत, कर्णपर्वात घेतला आहे. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत पडला आहे. अर्जुन त्याला बघायला येतो. कर्ण अजून जिवंत आहे हे कळल्यावर युधिष्ठिराचा तोल जातो आणि तो अर्जुनाला वाटेल ते बोलतो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाक म्हणतो. अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा होती, की असं म्हणेल त्याचा वध करायचा. तो तलवार उपसतो. थोरल्या भावावर. का, तर प्रतिज्ञा आहे म्हणून.

कृष्ण त्याला शाबासकी देत नाही. पोरासारखी प्रतिज्ञा केलीस आणि आता ती पाळायला निघालास, म्हणून झापतो. आणि मग कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा नदीकाठी राहणारा तपस्वी. कायम खरंच बोलायचं, हे त्याचं व्रत. एकदा दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं त्याच्या आश्रमाजवळच्या झाडीत शिरली. मागून दरोडेखोर आले आणि त्यांनी विचारलं, माणसं कुठे गेली? कौशिकाने खरं ते सांगितलं. माणसं मारली गेली. व्रत अभंग राहिलं आणि कौशिक नरकात गेला. धर्म प्रजेला धारण करतो, हे जे वचन आपण व्याख्यानांत आणि स्मरणिकांच्या पहिल्या पानावर वाचतो, ते याच प्रसंगात कृष्णाच्या तोंडी आहे. भावाच्या मानेवर आलेली भावाची तलवार थांबवण्यासाठी ते उच्चारलं गेलं, हे मात्र स्मरणिकेत कोणी छापत नाही.

बहिणीने विचारलं, बाबा असं म्हणाले होते का. तुम्ही खरं ते सांगितलंत. कौशिकानेही खरं ते सांगितलं होतं. तुम्ही खोटं बोलायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण "हो, म्हणाले होते, आणि मला ते पटलेलं नाही", हे पूर्ण उत्तर झालं असतं. अर्ध्यावर थांबल्यामुळे तिला वाटलं, की मेलेल्या बापाने आणि जिवंत भावांनी मिळून ठरवलेलं आहे.

कौशिकाच्या गोष्टीतून मी माझ्यापुरती एक कसोटी काढली आहे. धर्माच्या नावाने कोणी काही पाळायला निघालं, की आधी बघायचं, किंमत कोण मोजतंय. देवव्रताने प्रतिज्ञा केली, राज्य आणि संसार त्याने स्वतःचा सोडला, म्हणून लोक त्याला भीष्म म्हणाले. हरिश्चंद्रापाशी मला नेहमी अडायला होतं. राज्य दिलं ते त्याचं होतं, पण तारामती आणि रोहिदास? कथा गोड शेवटाने सुटते, म्हणून आपण तो प्रश्न विचारत नाही. तुमच्या बाबतीत तर हिशेब उघड आहे. शब्द दिला भावांनी, किंमत मोजणार बहीण, आणि जमीन पुन्हा भावांच्याच घरात. तुम्ही ज्ञानेश्वरी वाचता, तर तिसऱ्या अध्यायात ज्ञानेश्वरांनी स्वधर्माला नित्ययज्ञ म्हटलं आहे, ते तुमच्या वाचनात असेलच. यज्ञात आहुती देताना यजमान "इदं न मम" म्हणतो, हे आता माझं नाही म्हणतो. दुसऱ्याच्या ताटातलं उचलून तसं म्हणण्याची सोय त्यात नाही.

भीष्मांचंही पुढे काय झालं बघा. भर सभेत द्रौपदीने विचारलं, स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावण्याचा अधिकार होता का? त्या सभेत धर्म सगळ्यांत जास्त जाणणारा माणूस म्हणाला, धर्म फार सूक्ष्म आहे, मला निर्णय करता येत नाही. उभा राहिला तो विकर्ण, दुर्योधनाचा धाकटा भाऊ. हे चुकतंय, असं त्याने थोरल्या भावासमोर सरळ सांगितलं. कर्णाने त्याला पोरसवदा म्हणून गप्प केलं. आपल्याकडे धर्म सूक्ष्म आहे हे वाक्य फार लोकप्रिय आहे, आणि ते बहुतेक वेळा अशाच ठिकाणी वापरलं जातं, जिथे गोष्ट पुरेशी ढोबळ असते. तुम्हीही पत्रात लिहिलंय, धर्म कोणत्या बाजूला आहे ते कळत नाही. मला वाटतं, कळलेलं आहे. दादांना कसं सांगायचं, ते कळत नाहीये.

"पितृदेवो भव" दादा काढतीलच. तैत्तिरीय उपनिषदात शिक्षण संपवून निघालेल्या शिष्याला गुरूने केलेला तो उपदेश आहे. आई, वडील, आचार्य, अतिथी यांना देव मान, असं सांगून गुरू थांबत नाही. लगेच पुढे म्हणतो, जी कर्मं निर्दोष असतील तीच करावीत, इतर नाही. आमची जी चांगली आचरणं असतील तीच तू घे, इतर नाही. म्हणजे ज्या श्वासात वडिलांना देव म्हटलं, त्याच श्वासात मोठ्यांचं सगळंच उचलायचं नाही हेही बजावलं. तुमचे वडील वाईट होते असं यातून मुळीच निघत नाही. जमीन तुकड्या-तुकड्यांनी जाताना त्यांनी भोवताली पाहिली असेल, त्या भीतीने ते बोलले. मेव्हणे हयात असतानाची ती गोष्ट आहे. आज मुलीची अवस्था पाहून ते काय म्हणाले असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

"लेकीचा धर्म सासरी" हे वाक्य मात्र मला चीड आणतं. गीतेत स्वधर्म सांगितला आहे तो अर्जुनाला, अर्जुनाने काय करावं याबद्दल. दुसऱ्याचा स्वधर्म आपण ठरवून त्याला नेमून द्यायचा, आणि तोही आपल्या सोयीचा, हा उद्योग आपल्या समाजाने शतकानुशतकं केला. बायकांच्या बाबतीत केला, आणि जातीच्या उतरंडीत खाली ढकललेल्यांच्या बाबतीत तर माणुसकी सोडून केला. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, ती उगीच नाही. धर्माचा विचार करणाऱ्या हिंदू माणसाला ती तारीख ओलांडून पुढे जाता येणार नाही, असं माझं मत आहे.

आणि गंमत अशी, की दादांना त्या जुन्या स्मृतींचाही आधार मिळत नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात भावांनी आपापल्या हिश्श्यातला चौथा भाग अविवाहित बहिणींना द्यावा, आणि न देणारे पतित होतात, असं म्हटलं आहे. मुलगी मुलासारखीच, असंही त्याच अध्यायात एके ठिकाणी येतं. चौथाई म्हणजे आजच्या मापाने न्याय नव्हे, आणि विवाहित बहिणीला ते लागूही करत नाहीत, हे खरं. पण बहिणीला काहीच द्यायचं नाही हा सनातन धर्म आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी निदान पान उघडून बघावं. त्याच परंपरेतला स्मृतिकार याज्ञवल्क्य म्हणतो, की शास्त्राला धरून असलेली गोष्टही लोकांना अन्यायाची वाटू लागली तर आचरू नये. थोरल्या भावाला जास्तीचा हिस्सा देण्याची जुनी रीत पुढे कलिवर्ज्य, म्हणजे या युगात करू नये अशा गोष्टींत गेली. ती शास्त्रीमंडळींनीच टाकली. भारतरत्न पां. वा. काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. तो चाळला तरी दिसतं, की धर्माचे नियम वेळोवेळी बदलत आले.

मग न बदलणारं काय? शास्त्रकारांनी दोन प्रकार केले आहेत. एक त्या त्या नात्याचा, भूमिकेचा धर्म : मुलाचा, भावाचा, शिक्षकाचा, राजाचा. दुसरा सगळ्यांना सारखाच लागू : खरेपणा, अहिंसा, दुसऱ्याचं न घेणं, दया. तुमच्याकडे मुलाचा धर्म आणि भावाचा धर्म यांची जुंपली आहे. अशा वेळी मी दुसऱ्या प्रकाराकडे बघते. वनपर्वातल्या यक्षाची गोष्ट आठवा. चारही भाऊ तळ्याकाठी मरून पडलेले. सगळी उत्तरं बरोबर आल्यावर यक्ष म्हणतो, एकाला जिवंत करतो, कोणाला करू? समोर युद्ध दिसत असताना युधिष्ठिर भीम मागत नाही, अर्जुन मागत नाही. नकुल मागतो. कारण सांगतो ते असं, की कुंतीचा एक मुलगा, मी, जिवंत आहे, तर माद्रीचाही एक राहू दे. निष्ठुर न होणं हाच श्रेष्ठ धर्म, हे त्याचं म्हणणं. यक्षाच्या रूपात प्रत्यक्ष धर्मच परीक्षा घ्यायला आला होता, आणि त्याने शेवटी जे पाहिलं ते एवढंच, की वाटा द्यायची वेळ आल्यावर, जिची बाजू घ्यायला तिथे कोणी नाही, तिची आठवण या माणसाला राहते का.

तुमची झोप उडाली आहे, तेही पुराव्यातच धरायचं. धर्म कशावरून ओळखावा हे सांगताना स्मृतींनी वेद, स्मृती आणि सज्जनांचं आचरण यांच्या जोडीला आपल्या मनाला जे पटतं तेही घेतलं आहे. अर्थात नुसत्या मनाच्या कौलावर मी विसंबत नाही. शंकेच्या जागी सज्जनांचं अंतःकरण हेच प्रमाण, हे सुंदर वाक्य कालिदासाने दुष्यंताच्या तोंडी घातलं आहे, आणि तेही शकुंतला पाहिल्याबरोबर! मन सोयीचंही बोलतं. पण तुमचं मन तुमच्या सोयीविरुद्ध बोलतंय. पाऊण एकर आयती मिळत असताना ते कुरकुरतंय. अशा मनावर मी विश्वास ठेवते.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण पत्रावरून वाटतं की तुम्ही दोघं भाऊ हे "द्यायचं की नाही" असं बघताय. हिंदू उत्तराधिकार कायद्यातल्या, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच मुलाइतका हक्क आहे. ११ ऑगस्ट २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्यातली उरलीसुरली शंकाही मिटली. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असली, तरी त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल तर मुलगी बरोबरीची वारस. आजारपणात तोंडी घेतलेला शब्द म्हणजे मृत्युपत्र नव्हे. त्याला लेखी कागद आणि दोन साक्षीदार लागतात. तेव्हा साडेचारांतले दीड एकर तिचे आहेतच. प्रश्न फक्त तिच्याकडून काढून घ्यायचे की नाहीत, इतकाच आहे.

आता वडिलांच्या शब्दाचं काय करायचं? कृष्णाने अर्जुनाला वाऱ्यावर सोडलं नव्हतं. वडीलधाऱ्याला अरे-तुरे करणं हा त्याचा वधच, तेव्हा युधिष्ठिराला एकदा "तू" म्हण, प्रतिज्ञा पाळल्यासारखी होईल आणि कोणी मरणार नाही, अशी वाट त्याने काढून दिली. तुम्हीही शब्दामागची चिंता राखा. वडिलांना जमीन परक्याच्या हाती जायला नको होती. तिचं नाव सातबाऱ्यावर राहू दे. जमीन आज कसताय तशीच एकत्र कसा आणि तिच्या दीड एकराचं उत्पन्न, खर्च वजा करून, दर हंगामाला हिशेबासह तिच्या खात्यात जमा करा. विकायची वेळ आलीच तर आधी भावांना विचारायचं, आणि भावांनी बाजारभावाने घ्यायची, असं आपसात लिहून ठेवा. तिला जमीनच कसायची असेल, तर वाटप करून द्या. तिला काय हवं आहे, हे मात्र तिच्याच तोंडून ऐका. तिच्या मुलांसमोर नको, दादांसमोरही नको.

ती कदाचित म्हणेल, "मला काही नको, तुम्ही सुखात राहा." यावर लगेच सुटकेचा श्वास टाकू नका. हक्कसोडीवर सही करणाऱ्या कितीतरी बायका माहेर तुटेल या एका भीतीने सही करतात. नवरा गेलेल्या बाईला ती भीती दुप्पट असते. तिला सांगा, की सही केलीस किंवा नाही केलीस, या घरात तुझं येणं-जाणं आहे तसंच राहील. आणि मग वर्षभर तो विषयही काढू नका.

दादांना आधी सांगा, तिला नंतर, पण त्याच दिवशी. तिला आधी सांगितलंत तर दोघांनी संगनमत केलं असा आरोप तिच्यावर येईल, आणि तो तिला झेपणार नाही. दादांशी बोलताना वाद शास्त्रावर नेऊ नका, तिथे रात्र संपते पण बोलणं संपत नाही. "मी माझ्या नावे हक्कसोड घेणार नाही" एवढं एक वाक्य पुरे. वकिलांना फोनही तुम्हीच करा.

आणि दादा ऐकलेच नाहीत, तुम्ही आडवे येऊनही तिने भीडेपोटी दोघांच्या नावे सही करून टाकली, तर तिच्या दीड एकरातले निम्मे, म्हणजे ३० गुंठे, तुमच्या वाट्याला येतील. वाटप मागून आपला हिस्सा वेगळा करून घ्या आणि ते ३० गुंठे बक्षीसपत्राने तिच्या नावे करून द्या. वाटप मागण्याचा हक्क तुमचा स्वतःचा आहे, आणि वेगळ्या झालेल्या हिश्श्यातलं कोणाला द्यायचं, यासाठी दादांची सही लागत नाही.